जाळी नसलेल्या गाड्या

तुमरगोंदी, मार्गे आल्लापल्ली
१० फेब्रुवारी १९५८

गुणवंतभाऊ,

नमस्कार करते आणि लगेच भांडायला बसते. भांडण पोटात ठेवून खुशाली लिहिणं मला जमत नाही, हे तुम्हांला लहानपणापासून ठाऊक आहे.

तुमच्या मालकाच्या गाड्यांना सायलेन्सर असतात की नाही? असतील तर कुठं असतात? माझ्या दवाखान्यासमोरून ज्या जातात त्यांचे तर दिसत नाहीत. तुम्ही इथं कधी आला नाहीत म्हणून सांगते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी, आणि ती नेमकी तिथं, जिथून रस्ता चढाला लागतो. सागाचे लठ्ठे लादलेल्या गाड्या तिथं गिअर बदलतात आणि असा आवाज काढतात की कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर आपटतात. बाजूला धूर. पट्टीसाठी उकळून वाळत घातलेला कपडा मी परवा उचलला तर काळा. पुन्हा उकळला, पुन्हा काळा.

कपड्याचंही जाऊ द्या. इथल्या माडिया बायका दवाखान्यात यायला किती कचरतात, तुम्हांला काय सांगू. बुधरी म्हणून एक आहे, लालसूची बायको, पहिलटकरीण. चार वेळा तिच्या घरी जाऊन बसले, तिच्या सासूसोबत तंबाखू चघळली, तेव्हा कुठं ती तपासायला आली. टेबलावर निजली, मी पोटावर हात ठेवला आणि बाहेर तुमची गाडी गर्जली. पोरगी ताडकन उठली आणि मागल्या दारानं जंगलात. लालसू बिचारा पडवीत हात जोडून उभा. मराठी त्याला थोडीच येते. म्हणाला, "बाई, ते भेली." भ्याली म्हणून. मी कोणाला रागावू? तिला? त्याला?

आणखी एक. परवा सांजेला एक गाडी चढत होती, तिच्या पायपातून ठिणग्या उडताना मी डोळ्यांनी पाहिल्या. लोहार घण मारतो तेव्हा उडतात तशा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळलं गवत आणि सागाची पानं घोट्याइतकी पडली आहेत. तुम्ही तिथं गाड्यांचे फोरमन आहात ना? मग या गाड्यांचं तोंड बंद करा.

वहिनीला नमस्कार. आरमोरीहून आईचं पत्र आलं, तिचे गुडघे बरे आहेत.

तुमची
इंदू

•

बल्लारशा
२१ फेब्रुवारी १९५८

चि. इंदू, आशीर्वाद.

तुझं पत्र सुगंधानं आधी वाचलं आणि हसत हसत मला दिलं. म्हणाली, "घ्या, तुमची बाईसाहेब आली." तुझा राग समजतो, पण गाड्यांचं थोडं समजून घे.

सायलेन्सर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा नव्हे. आत भोकं पाडलेल्या नळ्या आणि आडवे पडदे असतात. धूर त्यातून वळणं घेत जातो, म्हणून आवाज मरतो. पण डिझेलच्या धुरात काजळी फार. ती भोकांत बसते. भोकं बुजली की इंजिनाला श्वास सोडता येत नाही. तुझं नाक दाबून तुला डोंगर चढायला लावला तर काय होईल? तसंच. मग गाडी ओढत नाही, काळा धूर ओकते, तापते. ड्रायव्हर लोक कंटाळतात आणि सळई घालून आतले पडदे फोडून टाकतात. गाडी पळते, पण बोंबलत पळते. तू ऐकतेस तो हा प्रकार आहे. त्यांना मी ताकीद देईन.

ठिणग्यांचं मात्र मनातून काढ. काजळी पेटून बाहेर पडू नये म्हणून पायपाच्या तोंडाशी तारेची बारीक जाळी बसवावी लागते. राखीव जंगलातून गाडी न्यायची तर ती अटच आहे. दिवाळीत मी स्वतः एकेका गाडीखाली निजून त्या बसवल्या. आठवड्याला काढून रॉकेलात बुडवून तारेच्या ब्रशनं घासायच्या, हे काम आल्लापल्लीच्या डेपोवर होतं. तिथं छोटे मालक स्वतः असतात, म्हणजे आमच्या मालकांचे भाचे. माझ्या शब्दाशिवाय या कंपनीत पाना हलत नाही, तेव्हा निश्चिंत राहा. सांजेच्या उजेडात तुला भास झाला असेल.

मालक माणूस म्हणून चांगले आहेत. तुझ्या पत्रातलं त्यांना काही सांगितलं नाही.

तुझा
गुणवंत

•

तुमरगोंदी
१७ मार्च १९५८

भाऊ,

भास पेटला.

गुरुवारी दुपारी चढावर आग लागली. वारा होता. अर्धा डोंगर गेला, बांबू बंदुकीसारखे फुटत होते, आणि उतरणीवरची तीन घरं गेली. माणूस मेलं नाही. शेळ्या मेल्या, कोंबड्या मेल्या, घरातलं धान गेलं. पोचू म्हणून गावचा म्हातारा पाटील आहे, त्याच्या सुनेनं पोरं पाठीला बांधून नाल्यात उडी मारली म्हणून वाचली.

मी सांगते ते नीट वाचा. आग लागली तेव्हा लालसू रस्त्यानं येत होता. बाकीचे गावाकडं पळाले, आपापली पोरं काढायला. तो पळाला नाही. पळसाच्या ओल्या डहाळ्या तोडून तो रस्त्याच्या कडेनं आग झोडपत राहिला. त्यानं ती कडा धरून ठेवली म्हणून आग माझ्या दवाखान्याकडं वळली नाही. आत एक बाळंतीण आणि एक तापाचं लेकरू होतं. संध्याकाळी तो माझ्याकडं आला तेव्हा दोन्ही तळहातांची कातडी सुटली होती. मी मलम लावून पट्ट्या बांधल्या. त्यानं फक्त पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी जंगल खात्याचा नाकेदार शिपाई घेऊन आला. "आग कोणी लावली?" मग माझ्या पडवीत बसलेल्या लालसूकडं पाहून म्हणाला, "हा घ्या. हात भाजले आहेत." बस. एवढाच पुरावा. मोहाची फुलं वेचायला हे लोक झाडाखालची पानं जाळतात, त्यातूनच आग गेली, म्हणे. मी म्हटलं, "अहो, चढावर मोहाचं एक झाड दाखवा मला! एक!" तो म्हणाला, "बाई, तुम्ही सुया टोचा. जंगल आम्ही पाहतो."

माझ्याच पट्ट्या बांधलेल्या हातांत दोरी घातली, भाऊ. माझ्यासमोर. आता तो चांद्याला तुरुंगात आहे. बुधरीचे दिवस भरत आले आहेत.

मी चढावर जाऊन पाहिलं. आग रस्त्याच्या कडेपासून वर गेली आहे, गाडीच्या चाकोरीला लागून. त्या दुपारी तुमच्याच गाड्या गेल्या होत्या. कोणती गाडी, कोण ड्रायव्हर, तिला जाळी होती की नव्हती, एवढं मला कळवा. लगेच.

इंदू

•

बल्लारशा
२५ मार्च १९५८

चि. इंदू,

वाचून वाईट वाटलं. पण तू सरकारी नोकर आहेस, या भानगडीत पडू नको. उन्हाळ्यात जंगल दर साली पेटतं, आमच्या गाड्या नव्हत्या तेव्हाही पेटत होतं. ते लोक पानं जाळतात हे काही खोटं नाही. तो माणूस निर्दोष असेल तर सुटेल.

जाळ्या सगळ्या गाड्यांना आहेत. हे तुला मी एकदा लिहिलं आहे. पुन्हा विचारू नको.

तिथं मन लागत नसेल तर बदलीचा अर्ज कर. आरमोरीला आईजवळ राहशील.

गुणवंत

•

तुमरगोंदी
१ एप्रिल १९५८

गुणवंतराव,

भाऊ लिहिणार होते, हात चालला नाही.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी चढाखाली हॉटेलापाशी जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर लोक चहाला थांबतात. बांबूची एक कामटी घेतली आणि गाडीच्या मागं जाऊन पायपात घातली. मला वाटलं, जाळी असेल तर अडेल. हातभर सरळ आत गेली. दुसऱ्या गाडीत घातली. तिसऱ्या गाडीत घातली. एकातही काही नाही. ड्रायव्हर पाहत होते. एकानं तर हसून विचारलं, "काय शोधून राह्यल्या बाई?" मी म्हटलं, "माझ्या भावाचा शब्द शोधून राह्यली."

तुम्ही स्वतः गाडीखाली निजून जाळ्या बसवल्या. तुमच्या शब्दाशिवाय पाना हलत नाही. मग जाळ्या काय पाखरं होऊन उडाल्या? मला खोटं लिहिलंत. मला! बाबा गेल्यावर मला नर्सिंगला नागपूरला धाडायला तुम्ही काकांशी भांडला होतात. ते गुणवंतभाऊ कुठं गेले?

आणि ऐका. बुधरी बाळंत झाली. घरीच. दोन दिवस अडली होती. सासू मला बोलवायला निघाली तर बुधरीनंच अडवलं. तिनं तिच्या भाषेत जे सांगितलं ते पोचू पाटलानं मला मराठीत सांगितलं: "त्या बाईनं पट्टी बांधली म्हनून माह्या नवऱ्याले धरलं. तिचा हात मले नोको." मी कळल्याबरोबर धावत गेले, तर दार लावून घेतलं. मुलगी झाली आहे. जगली, यात माझं काही नाही.

तिचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. तुम्हांला येत असेल तर या आणि तिला सांगा.

बदलीचा अर्ज करणार नाही.

इंदू

•

बल्लारशा
१२ एप्रिल १९५८

चि. इंदू,

उत्तराला उशीर झाला, कारण आधी जाऊन पाहायचं ठरवलं.

तुझं पत्र हातात घेऊन तसाच स्टेशनच्या यार्डात गेलो. तिथं आमच्या गाड्या लाकूड उतरवतात. वर्कशॉपपासून हाकेच्या अंतरावर, पण दिवाळीनंतर मी एकदाही तिथं जाऊन वाकून पाहिलं नव्हतं. कामटी लागली नाही, नुसतं बोट घातलं. तू लिहिलंस ते खरं आहे. एकाही गाडीला जाळी नाही. मी तुला खोटं लिहिलं नाही, इंदू. मलाच ठाऊक नव्हतं. हे सांगताना मला जास्त लाज वाटते.

छोटे मालक त्या दिवशी इथं वर्कशॉपमध्येच होते. मी विचारलं. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "त्या होय? त्या संक्रांतीलाच उतरवल्या. गाड्या ओढून नाई राह्यल्या. तुम्हांले सांगायचं राह्यलं."

"ओढत नव्हत्या म्हणजे जाळ्या साफ होत नव्हत्या."

"साफ करायला गाडी अर्धा दिवस उभी ठेवू? लाकूड काय स्वतःच्या पायानं चालत येईल?"

आता तुला जे सांगितलं नव्हतं ते सांगतो. दोष नुसता जाळ्यांचाही नाही. या नव्या डिझेल गाड्यांना रुंद पोटाचा, मोठ्या तोंडाचा सायलेन्सर लागतो. मी तसे मागवा म्हणून पहिल्या दिवसापासून सांगत होतो. मालकांनी लिलावातले जुने मिलिटरीच्या पेट्रोल गाड्यांचे उचलले. पेट्रोल गाडीचा श्वास लहान, डिझेलचा मोठा. त्या बारीक नळ्यांत काजळी आठ दिवसांत दाटते. वरून जाळी, म्हणजे गाडी घुसमटणारच. मी म्हटलं, निदान पायपाचं तोंड तरी खालून कडेला न ठेवता केबिनच्या मागून वर न्या, म्हणजे गवतावर फुंकणार नाही. तेही झालं नाही. तुला लिहिताना मी फुशारकी मारली. इथं माझ्या शब्दानं फक्त पाना हलतो. बाकी काही हलत नाही.

मी त्यांना म्हटलं, "एक माणूस तुरुंगात आहे."

ते म्हणाले, "मग? तुमचा सोयरा आहे?"

इंदू, माझं वय पन्नासाला आलं. पण त्या क्षणी हातात जो पाना होता तो मी फरशीवर असा आपटला की सगळं वर्कशॉप थांबलं. म्हटलं, "हो, सोयरा आहे. माझ्या बहिणीचा दवाखाना त्यानं वाचवला." आणि बाहेर पडलो. अजून परत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी चांद्याला गेलो आणि लालसूला भेटलो. तुझ्या पट्ट्या अजून तशाच हातांवर आहेत, काळ्या पडलेल्या. मी तुझा भाऊ आहे म्हटल्यावर त्यानं मान हलवली. मुलगी झाल्याचं सांगितलं. हसला. मग विचारलं, "मोहा सरला?" मोहाचा हंगाम संपला का म्हणून. वर्षाचं खाणं त्यावर, आणि तो गजाआड. इंदूला विचारून कळवतो, म्हटलं. मग बाहेर येऊन झाडाखाली बसलो.

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. आग झोडपायला तो एकटा नव्हता. गाडीचा ड्रायव्हरही होता. त्या दिवशी चढावर खुर्शीद गाडी चालवत होता, हे मी इथं शोधून काढलं. आगीनंतर लगेच मालकांनी त्याला जंगलाच्या लाइनीवरून काढून घुग्घुसला कोळशाच्या कामावर धाडलं आहे. का धाडलं, हे आता मी विचारणार नाही. उद्या घुग्घुसला जातो.

तू पुन्हा भाऊ लिहिशील तेव्हा लिही.

गुणवंत

•

तुमरगोंदी
१८ एप्रिल १९५८

भाऊ,

लिहिलं.

तुम्ही खोटं बोललात असं मी म्हटलं, ते चुकलं. तुम्ही पाहिलं नाही, हे मात्र मी सोडणार नाही.

लालसूला निरोप द्या की मोहा पडला, आणि त्याचा वाटा वेचला. पोचू पाटलाच्या घरचे, शेजारचे, सगळे गेले होते. मीही एक सकाळ गेले. बुधरी लांबून पाहत होती.

मी साक्षीला येणार होते. वरच्या डॉक्टरसाहेबांनी रजा नाकारली आणि वर सांगितलं, "दवाखाना सोडून कोर्टात गेलात तर दवाखान्यात परत येऊ नका." मी गेले तर इथल्या बायकांना कोण? थांबले तर लालसूला कोण? तुम्ही जा. खुर्शीदला हातापाया पडून न्या, नाहीतर ओढून न्या. पण न्या.

इंदू

•

चांदा
७ मे १९५८

चि. इंदू,

लालसू सुटला. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचायला तुला धीर राहील.

घुग्घुसला खुर्शीदचं घर शोधून काढलं. कोळशानं माखून जेवायला बसला होता. मला पाहून घास खाली ठेवला. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "गुणवंतभाऊ, मले ठाव होतं कोणीतरी येईल."

त्यानं सांगितलं ते असं. गाडी चढत होती. मागं धूर दिसला म्हणून त्यानं आरशात पाहिलं तर गवत पेटलेलं. तो उतरला. लालसू रस्त्यानं येत होता. दोघांनी डहाळ्या तोडल्या आणि झोडपायला लागले. "आणखी दोघंतिघं असते तं विझली असती, भाऊ. तेवढ्यात छोटे मालक जीपमधून आले. म्हणे, लाकूड जळंल, गाडी काढ. मी म्हटलं, हा एकटा राहील. म्हणे, गाडी काढ नाईतर उद्यापासून घरी बस. मी काढली. आरशात दिसून राह्यला होता तो. एकटाच."

मी म्हटलं, "हे कोर्टात सांग."

तो म्हणाला, "सांगतलं तं गाडी माझी होती म्हणून मलेच धरतील."

त्याची बायको खैरुन पडद्याआड होती. तिथूनच बोलली, "धरू द्या! जो माणूस तुमच्या गाडीची आग विझवून राह्यला होता तो आत हाय, आन् तुम्ही इथी काऊन भाकर खाऊन राह्यले? मले नाई गोड लागत ते."

खुर्शीदनं हात धुतले. सदरा बदलला. निघालो.

कोर्टात सरकारी वकिलांनी तेच पालुपद लावलं. आरोपीचे हात भाजलेले, तो आगीजवळ सापडला. दुभाषा होता, त्यानं लालसूला विचारलं, हात कसे भाजले? लालसू म्हणाला, "विझवताना." वकील हसले. "आग लावणारा असंच सांगणार."

मग खुर्शीद उभा राहिला. बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात पुढं धरले. कोपरापर्यंत डाग. "साहेब, हात भाजला म्हणजे आग लावली असं असंल तं मलेबी धरा. माझेबी भाजले. त्याच्या बाजूलेच होतो मी." मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा काढून त्याचे हात पाहिले आणि विचारलं, "मग आग कशानं लागली?" तो म्हणाला, "माझ्या गाडीच्या पायपातून. जाळी नव्हती."

मला बोलावलं. मी सायलेन्सर कोणता हवा होता, कोणता घेतला, काजळी चढावर कशी पेटून पडते, सगळं सांगितलं. दिवाळीला जाळ्या होत्या आणि त्या कोणी उतरवल्या तेही सांगितलं. छोटे मालक मागच्या बाकावर होते. माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

लालसूला सोडलं. इथपर्यंत ठीक.

आता पुढचं वाच आणि तुझा राग उकळू दे. मालकांचा मुनीम उभा राहिला आणि म्हणाला, गाड्या ड्रायव्हरांच्या ताब्यात असतात, जाळ्या त्यांनी परस्पर काढल्या, मालकांना कल्पना नाही. फोरमन नोकरी सोडून गेल्यामुळं सूडानं बोलतो. बाकीच्या ड्रायव्हरांपैकी कोणी तोंड उघडलं नाही. खुर्शीदवर निष्काळजीपणाचा वेगळा खटला भरला, आणि तोवर त्याचं लायसन जप्त. मालकांना साधी तंबी. तीही वकिलाच्या मार्फत. कोर्टातून बाहेर पडलो तेव्हा त्यांची जीप समोरूनच गेली, धूर सोडत.

खरं बोलला तो फाटक्या सदऱ्यातला माणूस, आणि दंड त्यालाच! मी इतकी वर्षं या लोकांचं मीठ खाल्लं, त्यांना चांगलं म्हटलं, तुलाही लिहून कळवलं. काय आंधळा होतो.

खुर्शीद मात्र बाहेर येऊन विडी पेटवून म्हणाला, "भाऊ, झोप आली आता." लालसूनं त्याचा हात हातात घेतला. एकाला दुसऱ्याची भाषा धड येत नव्हती, तरी खुर्शीदनं आपली विडी त्याच्यापुढं धरली.

वर्कशॉपचा राजीनामा टाकला. सुगंधा म्हणाली, बरं केलं. खुर्शीद गाडी चालवू शकत नाही तोवर आम्ही दोघं मिळून चांद्याला पत्र्याचं काम सुरू करतो. रुंद पोटाचे सायलेन्सर आणि काढता-घालता येतील अशा जाळ्या. बघू कोण घेतं.

लालसू उद्या निघेल. त्याच्याबरोबर बाळाला कुंची देतो आहे, सुगंधानं शिवली.

गुणवंत

•

तुमरगोंदी
२९ मे १९५८

भाऊ,

तुमचं पत्र वाचून मी दवाखान्याच्या मागं जाऊन एकटीच ओरडून आले. मोठ्यानं. शेळ्या बिचकल्या. खुर्शीदभाऊंना आणि खैरुनबाईंना माझा नमस्कार सांगा. खैरुनबाईंना विशेष सांगा.

लालसू आला. त्यानं घरी काय सांगितलं मला ठाऊक नाही. बुधरी अजून माझ्याकडं येत नाही. कुंची मात्र पोरीच्या डोक्यावर दिसली. मी थांबेन.

आता इथलं ऐका. गाड्या तशाच चालू होत्या. तशाच बोंबलत, तशाच बिनजाळीच्या. कोर्ट होऊन आठवडा झाला तरी कोणी एक खिळा बदलला नाही. लालसू रोज चढावर जाऊन बसायचा आणि पाहायचा. एक दिवस तो पोचू पाटलाकडं गेला. मग सगळं गाव बसलं. मला बोलावलं नाही आणि मी विचारलंही नाही.

सोमवारी सकाळी चढाखाली रस्त्यावर माणसं उभी होती. बाप्ये, बायका, कडेवर पोरं. हातात काही नाही. पहिली गाडी आली, थांबली. लालसू मागं गेला, वाकला, पायपात कामटी घातली. ती सरळ आत गेली. त्यानं मान हलवली. माणसं हलली नाहीत. ड्रायव्हर उतरला, शिव्या दिल्या, हॉर्न वाजवला. मग सावलीत जाऊन बसला. मागं दुसरी आली, तिसरी आली. दुपारपर्यंत खाली नाल्यापर्यंत रांग.

दुपारी छोटे मालक जीप घेऊन आले. मी पडवीतून सगळं ऐकत होते, आणि खोटं कशाला बोलू, हात शिवशिवत होते. मग मीही दवाखाना उघडा टाकून त्यांच्यात जाऊन उभी राहिले. डॉक्टरसाहेबांना कळलं तर कळलं. छोट्या मालकांनी मला पाहिलं. "नर्सबाई, हे तुमचं शिकवणं आहे काय?"

मी म्हटलं, "मला बोलावलं पण नव्हतं."

ते लालसूकडं वळले. "बाजूला हो. पुन्हा आत जायचं आहे काय?"

लालसू कामटी घेऊन तिथंच उभा राहिला.

"पोलिसांना बोलावतो!"

पोचू पाटील बसला होता, तो उठला. काठी टेकत त्यांच्यासमोर आला. "बोलावा. आम्ही पानं जाळून नाई राह्यलो, गाडी जाळून नाई राह्यलो. रस्त्यावर उभं राहून राह्यलो. जाळी लावा आन् जा."

छोट्या मालकांचा चेहरा लाल झाला. ओरडले, "रस्ता अडवता? हे जंगल काय तुमच्या बापाचं आहे?"

पोचूचा आवाज जराही चढला नाही. शांतपणे म्हणाला, "जळलं का आमच्याच हातात दोरी घालता ना, साहेब? मंग आमचंच असंल."

पहिल्या गाडीचा ड्रायव्हर उठला, छोट्या मालकांना म्हणाला, "जाळी आणा, मंग चढवतो," आणि मागच्यांना हटायची खूण केली. रांगेच्या शेवटची गाडी मागं सरकू लागली. मग दुसरी. मग तिसरी.

इंदू